खिंड बंद व्हायच्या आत

ताई,

मी इंदूरची, सुदामानगरात वाढलेली. बी.एस्सी., बी.एड. इथेच झालं. मार्चपासून लडाखमध्ये, झंस्कार खोऱ्यातल्या एका लहान गावात, एका संस्थेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित शिकवते. जुलैपर्यंत सगळं छान चाललं होतं. ऑगस्ट उजाडला आणि वर्ग ओस पडायला लागले. कुणाची कापणी, कुणाची गुरं, कुणी शेण्या गोळा करायला गेलेलं. घरोघरी जाऊन पालकांना रागावले, काही उपयोग झाला नाही. मुलं परत आली तोवर माझा अभ्यासक्रम पार मागे पडला होता. ऑक्टोबरात नळाचं पाणी गोठायला लागलं तसे बाहेरून आलेले इतर शिक्षक सामान बांधून गेले. मी रजा घेऊन दिवाळीला घरी आले. निघताना सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “मॅम, आप अब मार्च में आओगे, या आओगे ही नहीं?” मी हसून वेळ मारून नेली.

आई म्हणते, हौस झाली तेवढी पुरे. इथल्या एका शाळेत जागा आहे, काकांनी शब्द टाकलाय. बाबा काहीच बोलत नाहीत. डिसेंबरात शाळा बंद होते ती थेट मार्चला उघडते, मग चार-सहा आठवड्यांसाठी त्या थंडीत कशाला जायचं, असं सगळ्यांचं म्हणणं. माझ्या शिकवण्याने तिथे काही फरक पडतो का, अशी शंका मलाही येते. जाऊ का नको?

— सुदामानगरची एक शिक्षिका

सुदामानगरच्या बाई,

आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. जा. तिकीट या आठवड्यात काढ. काकांच्या शब्दाचं काय करायचं ते पुढच्या वर्षी बघता येईल. विज्ञान नीट शिकवणाऱ्या बाईंना इंदुरात नोकरी मिळत नाही, असं अजून तरी माझ्या कानावर आलेलं नाही.

मी नोकरीतली काही वर्षं लेहमध्ये काढली. तुझ्या गावाच्या मानाने लेह म्हणजे शहरच, पण झंस्कारची मुलं माझ्या वर्गात असायची. त्यांतली काही ऐन हिवाळ्यात, गोठलेल्या नदीच्या चादरीवरून वडिलांच्या मागे चालत लेहच्या शाळेत आलेली. त्यांना घरचं काही विचारलं की ती महिन्याचं नाव घेत नसत. शेताला पाणी सोडलं तेव्हा, गुरं वर चरायला गेली तेव्हा, नदी गोठली तेव्हा, असं सांगत. वर्गातल्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यांच्या दृष्टीने परीक्षेपुरतं होतं.

तुझं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं, की तुला थंडीपेक्षा ऑगस्ट जास्त बोचतोय. म्हणून आधी त्याच्याबद्दल. साडेतीन हजार मीटरच्या वरचं ते खोरं. जमीन मोकळी मिळते ती वर्षातले जेमतेम पाच-सहा महिने, पीक एकच: जव, थोडा गहू, वाटाणा. मे महिन्यात पेरायचं आणि बर्फ यायच्या आत घरात आणायचं. माणसांचं धान्य, गुरांचा अर्ध्या वर्षाचा चारा, चुलीसाठी शेण्या, सगळी बेगमी त्याच काही आठवड्यांत. रेशनचा तांदूळ आणि पीठ आता मिळतं, पण गुरांचा चारा रेशनवर मिळत नाही. दहा वर्षांच्या पोराचे हातही तेव्हा मोजले जातात. अशा वेळी बाई दारात येऊन रागावल्या तर आई-बाप मान खाली घालून ऐकून घेणार, आणि दुसऱ्या दिवशी पोराला शेतातच नेणार. दुसरं करतील काय?

हे लडाखचंच आहे असंही नाही. आपल्या सांवेर-देपालपूरकडच्या कुठल्याही गुरुजींना विचार, सोयाबीन काढणीच्या दिवसांत वर्गात किती पोरं बसतात. इंदुरात राहून आपल्याला ते दिसत नाही, एवढंच. आपल्याकडे पीक म्हणजे छावणीच्या मंडीत आलेली पोती.

पुढच्या वर्षीचं नियोजन करताना सगळे जड धडे मार्च ते जुलैमध्ये घे. अपूर्णांक, समीकरणं, विजेचे परिपथ, जे एक दिवस चुकलं तर पुढचं कळत नाही ते सगळं आधी. ऑगस्टच्या मध्यापासून नवीन काही सुरूच करू नकोस. जी मुलं येतील त्यांची उजळणी घे, वाचून घे, कच्च्या मुलांचे पाढे पक्के करून घे. तुझी शाळा संस्थेची आहे, म्हणजे थोडी लवचिकता असणार. उन्हाळ्याच्या सुटीतले काही दिवस कापणीकडे सरकवता येतील का, हे व्यवस्थापनाला लेखी विचार. तोंडी विचारशील तर “हो हो, बघू” म्हणतील आणि विसरतील. तिथले स्थानिक शिक्षक या बाबतीत तुझ्यापेक्षा कितीतरी जाणते आहेत. बाहेरून गेलेले शिक्षक आपापसातच चहा पीत बसतात, ही मला तिकडे नेहमी खटकलेली गोष्ट. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारी बस.

आणि मळणीच्या दिवसांत एक रविवार खळ्यावर जा. बऱ्याच गावांत आता यंत्र आलंय, पण जिथे अजून जनावरांची पात धरतात तिथे नीट बघ. मधल्या खांबाजवळ सगळ्यांत संथ जनावर बांधतात, म्हातारा झो (याक आणि गाईचा संकर) वगैरे, आणि बाहेरच्या टोकाला चपळ घोडं किंवा गाढव. का? एकाच फेऱ्यात बाहेरच्याला जास्त अंतर पळावं लागतं. परिघाचं सूत्र तुझ्या मुलांच्या घरी खळ्यावर फिरतंय आणि तू ते फळ्यावर बांगडी काढून शिकवतेस! उफणताना वारा पडला तर तिथली माणसं शीळ घालून त्याला बोलावतात. वारा येतो की नाही ते सोड, पण दाणा जवळ आणि भूस लांब का पडतं, हे सहावीच्या पोराला विचारून बघ.

आता नोव्हेंबरकडे येते. घरचे म्हणतात चार-सहा आठवड्यांसाठी कशाला. मी म्हणते, वर्षातले तुझे सगळ्यांत कामाचे आठवडे हेच. धान्य घरात आलंय, गुरं खाली आलीत, मुलांना शेतात काम नाही, आई-बाप घरी आहेत. ऑगस्टात बुडालेला अभ्यास भरून काढायला याहून चांगला काळ मिळणार नाही. खरं तर शिकायला हिवाळ्याइतकी मोकळीक त्या मुलांना कधीच नसते. शाळा बंद ठेवावी लागते ती वर्ग गरम ठेवणं परवडत नाही म्हणून. तिकडे त्यावर उपाय शोधलेले लोक आहेत. लेहजवळ फे गावात सेकमॉल संस्थेची इमारत दक्षिणेकडे तोंड करून, सूर्याची ऊब साठवेल अशी बांधली आहे; बाहेर पाणी गोठत असताना आत मुलं अभ्यास करतात. तुझ्या शाळेची इमारत तू बदलू शकणार नाहीस, पण कुठल्या खोलीत दुपारी ऊन येतं ते बघून वर्ग तिथे हलवू शकतेस. मुलांना दोन थर्मामीटर देऊन उत्तरेची आणि दक्षिणेची खोली आठवडाभर मोजायला लाव. आठवड्याने मुख्याध्यापकांसमोर आकडे ठेवायचे. वर्ग हलवण्याची परवानगी तू मागण्यापेक्षा मुलांनी मागितलेली बरी.

आणि पाणी. इंदुरात वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर पाऊस पडतो, लेहमध्ये १०० च्या आसपास. झंस्कारमध्ये बर्फ जास्त पडतो, तरी शेती आहे ती वरून वितळून येणाऱ्या पाण्यावरच. तुमच्याच खोऱ्यातल्या कुमिक गावाला पाणी आटल्यामुळे खाली नवीन वस्ती करावी लागली, हे मुलांना माहीत असेल. तुला नसेल तर त्यांनाच विचार. गंमत अशी, की आत्ता शरदात ओढ्याचं पाणी कुणाला नको असतं, ते वाहून जातं, आणि एप्रिल-मेमध्ये पेरणीच्या वेळी ओढा कोरडा. या पेचावर चेवांग नोरफेल या लडाखी अभियंत्याने ऐंशीच्या दशकात काम सुरू केलं. हिवाळ्यात ओढ्याचं पाणी सावलीच्या उतारावर वळवायचं, अडवायचं, गोठू द्यायचं, म्हणजे वसंतात ते नेमकं पेरणीला वितळतं. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच्या थोडं आधी, २०१३-१४ च्या हिवाळ्यात, सोनम वांगचुक आणि सेकमॉलच्या मुलांनी तोच बर्फ उभा रचला, शंकूसारखा, आणि त्याला बर्फाचा स्तूप म्हणतात. वरून पाइपाने आणलेलं पाणी उताराच्या दाबाने कारंज्यासारखं उडतं आणि रात्रीच्या थंडीत गोठत जातं.

स्तूप शंकूच का? हे गणित मुलांकडून करून घे. १०० घनमीटर बर्फ जमिनीवर दहा सेंटिमीटर जाड पसरला तर १००० चौरस मीटर पृष्ठभाग उन्हाला उघडा पडतो. तोच बर्फ साडेचार मीटरहून थोड्या जास्त उंचीच्या आणि तेवढ्याच त्रिज्येच्या शंकूत रचला, तर बाहेरची बाजू १०० चौरस मीटरही भरत नाही. आठवीला शंकूचं सूत्र नसेल तर नसू दे. एक तांब्या पाणी परातीत आणि एक तांब्या पाणी तांब्यातच रात्री बाहेर ठेवायचं, सकाळी दोन्ही बर्फ काढून उन्हात मांडायचे आणि कुठला आधी संपतो ते बघायचं. हा प्रयोग सुदामानगरात करायला फ्रिज लागेल, तिथे नुसतं अंगण पुरतं. जुलैत हाच धडा शिकवशील तर कोरडा जाईल. नोव्हेंबरात मुलं शाळेत येताना त्याच ओढ्यावरून येतात.

फरक पडतो का, असं विचारलंयस. त्या सातवीतल्या मुलीचं वाक्य तू पत्रात शब्दशः लिहिलंस, म्हणजे तुला उत्तर माहीत आहे. बाहेरचे शिक्षक बर्फ वितळायच्या सुमारास येतात आणि पानं पिवळी पडली की जातात, हे त्या मुलांनी दरवर्षी पाहिलंय. ती तक्रार करत नाहीत, फक्त कुणाशी किती जीव लावायचा ते ठरवून टाकतात. तू नोव्हेंबरात बर्फाच्या बुटांत शाळेच्या दारात दिसलीस, तर मार्चमध्ये तुझा शब्द वेगळ्या वजनाने ऐकला जाईल. त्यागबिग म्हणून जाऊ नकोस मात्र. त्याग करायला आलेल्या बाई मुलांना बरोबर कळतात, आणि आवडत नाहीत.

भाषेची अडचण तू लिहिली नाहीस, पण असणार. घरी झंस्कारी, मैदानात हिंदी, पुस्तक इंग्रजी. तू तरी वेगळं काय केलंस? घरी मराठी, गल्लीत हिंदी, कॉलेजात इंग्रजी. इंदूरच्या मराठी पोरीला हे कुणी समजावून सांगायला नको.

जानेवारी-फेब्रुवारी तिथेच काढावा का? माझं मत, पहिल्याच वर्षी नको. पारा उणे वीसच्या खाली जातो, पाणी बर्फ फोडून आणायचं, मोठं दुखणं आलं तर रस्ता उघडा असेलच असं नाही. गावातलं एखादं कुटुंब आपणहून “आमच्याकडे राहा” म्हणालं तर गोष्ट वेगळी. जुन्या घरांत हिवाळ्यासाठी आतल्या बाजूला, गोठ्याला लागून एक खोली असते, सगळं घर तिथेच जगतं, आणि तिथे संध्याकाळी दहा-बारा मुलांची शिकवणी आरामात होते. तसं बोलावणं नसेल तर भाड्याच्या खोलीत एकटीने हिवाळा काढायच्या फंदात पडू नकोस. शाळा बंद झाल्यावर लोसारपर्यंत, म्हणजे तिथल्या नववर्षापर्यंत थांब. लडाखी लोसार डिसेंबरच्या सुमाराला येतो, तिबेटी लोसारच्या दोनेक महिने आधी. घराघरात जाऊन बस, खा, आणि मग घरी ये. निघायचा दिवस तिकडे आपल्या हातात नसतो, त्यामुळे जानेवारीतल्या कुठल्या लग्नाला नक्की येईन असं कुणाला सांगून ठेवू नकोस. संक्रांतीला पोचलीस तर उत्तम, नाही तर तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो. सराफ्यातला गराडूही कुठे पळून जात नाही.

आता आई. तिला “काही होत नाही गं” म्हणून उडवून लावू नकोस. ती बर्फाला घाबरते आहे. मला विचारशील तर घाबरायचंच असेल तर बुखारीला, खोली गरम ठेवणाऱ्या त्या लोखंडी शेगडीला घाबरावं. बंद खोलीत बुखारी किंवा शेगडी रात्रभर धुमसत राहिली तर जो वायू साठतो त्याला ना रंग ना वास, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. झोपताना बुखारी विझवायची, धुराडं महिन्यातून एकदा साफ करायचं, खिडकीची एक फट कायम उघडी. हे तिघंही बसून बोला, आणि तू ते पाळतेस हे आईला फोनवर दाखव. शेजारच्या घरातल्या कुणाचा तरी नंबर आईकडे असू दे, आणि त्या घरच्या बाईशी आईचं एकदा बोलणं करून दे, मोडक्या हिंदीत का होईना. दोन आयांनी एकमेकींना “पोरगी नीट जेवते का” असं विचारलं की निम्मं काम होतं. आणि बर्फात नेटवर्क दोन-तीन दिवस जातं, तेव्हा कुणी दिल्लीला फोन लावत सुटायचं नाही, हेही आधीच ठरवून टाका.

प्रवासाचं थोडक्यात. मनालीकडून दारचामार्गे शिंकू ला खिंडीतून येणारी वाट पाच हजार मीटरच्या वर जाते. नोव्हेंबरात एका रात्रीच्या बर्फाने बंद होऊ शकते. तिथल्या ४.१ किलोमीटरच्या बोगद्याचं काम जुलै २०२४ मध्ये सुरू झालंय, तुझ्या या हिवाळ्याला त्याचा उपयोग नाही. लेहकडच्या निम्मूपासून तुमच्या खोऱ्यातल्या पदुम या मुख्य गावावरून दारचाला जाणारा २९८ किलोमीटरचा रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडला गेला, त्याचा निम्मूकडचा भाग नदीच्या काठाने जातो. तेव्हा दिल्लीहून विमानाने लेह, आणि तिथून निम्मूमार्गे खाली. विमानं सकाळची असतात आणि हवा बिघडली की रद्द होतात, म्हणून हातात दोन-तीन दिवस मोकळे ठेव. आणि एक गोष्ट, जी परत जाणारी माणसं हमखास विसरतात. इंदूर साडेपाचशे मीटरवर, लेह साडेतीन हजारावर. दोन-तीन आठवडे खाली राहिलं की शरीराची सवय उतरते. मार्चमध्ये केलंस तसं आताही पहिले दोन दिवस पडून राहायचं, पाणी पीत. डोकं ठणकायला लागलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर शाळा थांबेल, तू डॉक्टरकडे जा.

राहिले बाबा. ते बोलत नाहीत म्हणजे त्यांना काही म्हणायचं नाही असं नाही. त्यांना काम दे. नकाशा काढून बघ: इंदूर आणि पदुम जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, पाऊणशे अंशांच्या जरासं पुढे, जेमतेम एका अंशाच्या फरकाने. म्हणजे दोन्हीकडे माध्यान्ह चारेक मिनिटांच्या अंतराने होते. तू शाळेच्या अंगणात एक मीटरची काठी सरळ उभी कर, बाबांनी तेव्हाच गच्चीवर तशीच काठी उभी करायची. बारा ते पाऊण दर पाच मिनिटांनी सावली मोजायची आणि सर्वांत आखूड कुठली ते लिहायचं. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इंदूरची सावली एक मीटरच्या जरा वर भरेल, तुमची दीड मीटरच्या. दोन्ही सावल्यांवरून सूर्याचे कोन काढले की फरक येतो पावणेअकरा अंशांच्या आसपास, आणि दोन गावांमधलं सरळ उत्तर-दक्षिण अंतर आहे साधारण १२०० किलोमीटर. तेवढ्यावरून आठवीची मुलं अख्ख्या पृथ्वीचा परीघ काढतील. शाळा तोवर बंद झाली असेल, तर नोव्हेंबरातच करा. सावल्यांची लांबी बदलेल, कोनांमधला फरक तोच राहील. गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली काठीवर पडत नाही ना, तेवढं बाबांना आधी बघून ठेवायला सांग.